खाडीपलीकडचं दूध

परदेशाशी माझी पहिली ओळख झाली ती वासावरून. पुठ्ठ्याचं उंच पिंप, त्याला पत्र्याच्या कडा, आत जाड कागदाची पिशवी, आणि पिशवीचं तोंड सोडलं की ओल्या गोणपाटासारखा, किंचित गोडूस वास. दुधाच्या भुकटीचा. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा श्रीमंत देशानं आमच्या गरीब पोरांसाठी ती पाठवलेली असायची. मुंबईहून बोटीनं यायची, बंदरात पडावातून उतरायची आणि तिथून बैलगाडीत बसून धक्के खात माझ्या दारात पोचायची. गाडीवान पिंप उतरवताना दर खेपेला म्हणायचा, "बाई, त्यांच्याकडे म्हशी उभ्याउभ्याच वाळतात काय हो?"

मी तेव्हा नुकतीच पंचविशीत आलेली. माहेर दापोलीकडचं, शिक्षण रत्नागिरीच्या इस्पितळातलं, आणि नेमणूक गुहागरच्या खालच्या अंगाला, खाडीकाठच्या एका गावात. माता-बाल केंद्र असं भारदस्त नाव. प्रत्यक्षात कौलं गळणारी एक खोली, एक पडवी, बाळंतपणाची पेटी आणि मी. स्वभाव माझा आधीपासून तिखट. नर्स म्हणजे गोड बोलणारी, हसरी, असं ज्यांना वाटतं त्यांनी मला त्या काळात बघायला हवं होतं. नखं न कापता आलेल्या पोराच्या आईला मी असं फैलावर घ्यायची की ती पुढच्या खेपेला आधी हात दाखवायची आणि मग बोलायची.

देश स्वतंत्र होऊन फार वर्षं झाली नव्हती. सगळंच नवं होतं, योजना नव्या, पाट्या नव्या, आणि हे दूधही नवं. गावानं ते लगेच गोड मानून घेतलं असं कोणी समजू नये. पहिल्या दिवशी कुणब्यांच्या बायकांनी विचारलं, दूध गायीचं की म्हशीचं? मोहल्ल्यातल्या बायकांनी विचारलं, जनावर कुठलं ते कळलं का? मला दोन्हीचं उत्तर ठाऊक नव्हतं. शेवटी देवळाच्या पुजाऱ्यांनी चिमूटभर जिभेवर ठेवून गायीचं म्हटलं, मौलवीसाहेबांनी वास घेऊन हरकत नाही म्हटलं, आणि दोघांनीही दुसरी चिमूट मात्र घेतली नाही. मग पहिल्याच आठवड्यात पोरांची पोटं बिघडली. आयांनी माझ्या पडवीत येऊन माझा उद्धार केला. मी दूध पातळ केलं, गूळ घातला, सुंठेची पूड टाकली, थोडंथोडं सुरू केलं, आणि हळूहळू पोटांना सवय झाली. पाठवणाऱ्या देशाला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी पिंपावर कृती छापली होती, पण ती त्यांच्या पोरांच्या पोटांसाठी.

त्या दुधाला एक कडक नियम होता. पोरानं ते नर्सच्या डोळ्यांसमोर प्यायचं. भुकटी घरी न्यायची नाही, कोणत्याही कारणानं नाही. कुठल्याशा शहरात एका हलवायाकडे याच भुकटीचे पेढे सापडले होते म्हणे, तेव्हापासून हा नियम लोखंडासारखा झाला होता. आमच्यावर देखरेख करणारे डॉक्टर महिन्यातून एकदा यायचे आणि जाताना बोट वर करून म्हणायचे, "घरी एक चमचा गेला, तर सगळ्या गावाचं दूध बंद होईल, ध्यानात ठेवा." माणूस वाईट नव्हता. त्यांना वरून बोलणी बसायची, ती ते आमच्यापर्यंत पोचवायचे.

नियम सरळ होता, पण आमच्या गावातून खाडी गेलेली होती. केंद्र अलीकडे, आणि पलीकडे मोहल्ल्याची पंधरा-वीस घरं. मध्ये तर, म्हणजे माणसांची ने-आण करणारी होडी. भरतीला होडी थेट पायरीशी लागायची, ओहोटीला गुडघाभर चिखल तुडवावा लागायचा. तिकडची मोठी पोरं यायची उड्या मारत. लहान येत नसत.

पलीकडच्या शेवटच्या घरातली तीन वर्षांची एक मुलगी माझ्या डोक्यात घर करून बसली होती. तिचा बाप बोटीवर खलाशी होता आणि दूरच्या कुठल्याशा बंदरात तापानं गेला. माती तिकडेच झाली. बातमी इथं पोचली तेव्हा त्याला जाऊन पंधरवडा झाला होता. घरात राहिल्या तिघी, सासू, सून आणि ही पोर. सासूला सगळं गाव खाला, म्हणजे मावशी, म्हणायचं. दिसायला कमी झालेलं, पण जीभ शाबूत. सून माझ्याच वयाची. नवरा गेल्यावर त्यांच्यात बाईनं इद्दत पाळायची असते. चार महिने आणि वर काही दिवस घराचा उंबरा ओलांडायचा नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. ती ते मन लावून पाळत होती. त्याच्यासाठी करता येण्याजोगं तेवढं एकच तिच्या हातात उरलं होतं, असं ती मला म्हणाली होती.

पोरीला मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा तिचे केस तांबूस झाले होते आणि पावलं सुजली होती. चेहरा म्हाताऱ्या बाईचा. अंगावरचं दूध तुटलं होतं आणि पोटात फक्त पेज जात होती. पहिले काही दिवस शेजारून मासळी आली, कालवण आलं, मग शेजाऱ्यांनाही आपापले संसार होतेच. असली पोरं मी इस्पितळात पाहिली होती. दूध मिळालं तर ती उभी राहतात, नाही मिळालं तर एका साध्या खोकल्यात जातात. मी आईला म्हटलं, शेजारणीबरोबर हिला रोज माझ्याकडे पाठव. ती म्हणाली, "पाण्यावरून नाय पाठवायची. मी जाईन तवा ती येल." नवरा पाण्यावर गेला आणि परत आला नाही, त्या बाईला मी कुठल्या तोंडानं समजावणार?

मग मी नियम मोडला. बाळंतिणी बघायला आठवड्यातून दोनदा पलीकडे जायची, तेव्हा पेटीत कापसाखाली भुकटीचा एक डबा न्यायची. आईला करायला शिकवलं. पाणी उकळ, कोमट होऊ दे, गुठळी राहू देऊ नको, गूळ घाल. मला याची तेव्हाही लाज वाटली नाही आणि आजही वाटत नाही. दोन महिन्यांत पोरीच्या पावलांची सूज उतरली. तिसऱ्या महिन्यात तिनं माझ्या पेटीची कडी ओढली आणि मी ओरडल्यावर हसली. ती हसली तेव्हा मला रडू आलं, आणि मी ते लपवायला आणखी मोठ्यानं ओरडले.

हल्ली दूरदर्शनवर कोट घातलेले लोक बसून बोलतात, श्रीमंत राष्ट्रांनी गरीब राष्ट्रांना वर कसं आणावं म्हणून. माझा भाचा ते मन लावून ऐकतो आणि मधूनच मला विचारतो, "मावशी, तुला काय वाटतं?" मला वाटतं ते एवढंच, की किती द्यायचं याचा घोळ हे लोक तासभर घालतात, आणि दिलेलं कुठल्या घराच्या कुठल्या दारातून आत जातं, हे विचारायला कोणाला वेळ नसतो. आणि घेणारा माणूस घेताना कसा दिसतो, हे तर कोणी पाहिलेलंच नसतं. मी एका बाईला ते पाहताना पाहिलं आहे. म्हणून हे सांगते आहे.

थंडीचे दिवस होते. डॉक्टर अवेळीच उगवले, कपाळावर घाम. म्हणाले, "दूध पाठवणाऱ्या देशातली बाई परवा येते आहे. केंद्रं बघत फिरते आहे. दोन गावांचं दूध तिनं बंद करायला लावलं, भुकटी घरोघर जात होती म्हणून. तुमच्याकडे सगळं नियमात आहे ना?" मी म्हटलं, "आहे." त्या दिवशी सकाळीच मी पलीकडे भरलेला डबा देऊन आले होते.

ती आली. उंच, हाडापेरानं मजबूत, उन्हानं नाक सोललेलं, डोक्यावर गवती टोपी आणि पायात पुरुषी बूट. वय पन्नाशीच्या आसपास असेल. मला वाटलं होतं कोणी तोऱ्यातली मडम येईल, तर ही आल्याआल्या पडवीत मांडी घालून बसायला गेली. मांडी जमेना, तेव्हा पाय लांब करून बसली आणि पोरं दूध पिताना बघत राहिली. पोरांनी आधी तिच्याकडे टकामका पाहिलं आणि मग नेहमीपेक्षा जोरात फुरके मारले. ती हसली. डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला. ते दोघं इंग्रजीत बोलत होते. मला इस्पितळातलं मोडकंतोडकं इंग्रजी येत होतं, औषधांची नावं आणि हुकूम यांच्यापुरतं.

सगळं आटोपलं असं वाटत असताना ती उठली, खाडीपलीकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाली. डॉक्टर माझ्याकडे वळले. "विचारते आहे, तिकडची लहान मुलं का नाहीत इथं?"

मी म्हटलं, "लांब पडतं त्यांना."

"म्हणते, मग आपण जाऊ."

मी ओहोटी आहे म्हटलं, चिखल आहे म्हटलं, ऊन चढलंय म्हटलं. बाईनं बूट काढून हातात घेतले.

होडीत मी देवाचं नाव घेत बसले होते. तरवाल्यानं निम्म्या खाडीतूनच पलीकडे हाक घातली, "दुधाची मडम आली होऽ!" झालं. आम्ही चिखलातून वर चढेपर्यंत सगळा मोहल्ला दारांत होता. बाई प्रत्येक घरासमोर थांबायची, पोरांची तोंडं बघायची, हात बघायची. तिची नजर तयार होती. ती पोरं मोजक्या शब्दांत ओळखत होती, हे बरं, हे बरं नाही. आणि अशी बघत बघत ती शेवटच्या घरापाशी आली. दारात आमची मुलगी उभी. केसांच्या टोकांना अजून तांबूसपणा, पण मुळाशी दोन बोटं काळे केस आलेले. बाईनं वाकून त्या केसांतून बोटं फिरवली आणि माझ्याकडे पाहिलं. काळ्या केसांचा अर्थ आम्हा दोघींनाही कळत होता. पोरीच्या पोटात कुठून तरी दूध जात होतं, आणि ती केंद्रात तर येत नव्हती.

आतून खालानं विचारलं, "कोण आलाय गो?" शेजारणीनं सांगून टाकलं, "दूध धाडते ती बाई!" खाला म्हणाली, "मग दारात काय उभी केलीस? आत घे तिला."

डॉक्टर ओट्यावरच थांबले, त्यांना आत येता येत नव्हतं. म्हणजे आत दुभाषी मीच. बाई वाकून दारातून आत शिरली, चटईवर बसली. खालानं तिचे दोन्ही हात हातात घेऊन चाचपले, म्हणाली, "हात तर आमच्यासारकाच खरबरीत हाय." सून पडद्यामागून एकदा डोकावली, सलाम केला आणि आत गेली. मी क्षणभर सुटकेचा श्वास टाकला. मग चुलीत लाकूड सारल्याचा आवाज आला, वेलची ठेचल्याचा आला, आणि पाठोपाठ तो वास. ओल्या गोणपाटाचा, गोडूस.

मी धावतच स्वयंपाकघरात गेले. चुलीवर पातेलं, पातेल्यात शेवया, आणि माझा डबा बाजूला उपडा पडलेला. सगळी भुकटी. पोरीचं माझ्या पुढच्या खेपेपर्यंतचं दूध.

"काय करतेस गो हे?" मी दबक्या आवाजात किंचाळले. "ती तपासायला आलीय! घरात भुकटी आहे हे कळलं तर दूध बंद होईल. हिचंच नव्हे, सगळ्या गावाचं!"

तिनं ढवळणं थांबवलं नाही. "मना ठाव हाय."

"मग? चहा दे काळा. नारळ फोडून दे. हे कशाला?"

तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं. इतके महिने मी तिच्या घरी जात होते, तिनं माझ्याकडे असं सरळ कधी पाहिलं नव्हतं. "बाय, जिनं माज्या पोरीला दूध पाजलान, ती माज्या घरातसून कोऱ्या तोंडान जाणार? घरात दुसरा काय हाय माज्या? बंद करंल तर करू दे. पण घेतंय घेतंय आणि देत कायच नाय, असा आता नाय जमत मना."

मला तिचा संताप आला. पोरीच्या जिवापुढे हिचा मान मोठा? मी तसं बोललेही. ती म्हणाली, "माज्या पोरीला आय भिकारीण होवी काय?" पातेलं उतरवून तिनं खीर एका मोठ्या कल्हईच्या ताटात ओतली आणि बाहेर नेऊन बाईच्या पुढ्यात ठेवली.

बाईनं ताट नाकाशी नेलं. तिचा चेहरा बदलला. हा वास तिनं आमच्यापेक्षा कितीतरी जास्त ठिकाणी घेतला असणार. तिनं मला विचारलं, हे आमचं दूध का?

खोटं बोलायला माझ्याकडे इंग्रजी पुरेसं नव्हतं, आणि खरं सांगायलाही नव्हतं. मी हो म्हटलं. मग हातवारे करून सांगत सुटले. हिचा नवरा, बोट, समुद्र, गेला. ही घराबाहेर नाही, इतके महिने नाही. पोर पाण्यावर नाही. मी आणलं, मी, नर्सनं. हिनं मागितलं नव्हतं. मला वाटतं बोलता बोलता मी छातीवर हातही आपटला. बाई ऐकत होती. तिनं हळूच मान हलवली आणि ताट पोरीकडे सरकवलं.

आणि इथं सगळंच बिनसलं. पोर ताटावर झेपावली, तर आईनं तिचा दंड धरून मागं ओढलं. "नको. पाहुनी खाल्ल्याबगर नाय." पोरीनं टाहो फोडला. बाईला वाटलं आपण पुरेसं पुढं सरकवलं नाही, तिनं आणखी सरकवलं. आईनं आणखी ओढलं. खाला विचारू लागली, "काय झाला? बाई खात नाय? आमच्या घरचा चालत नाय तिला?" सुनेचा चेहरा असा पांढरा पडला की मला तो बघवेना. जे होतं नव्हतं ते शिजवून ठेवलं होतं तिनं, आणि पाहुणी ते परत करत होती, भल्या मनानं, पोरीच्या मायेनं, पण परतच करत होती.

त्यांच्याकडे पाहुण्याबरोबर सगळं घर एकाच ताटात जेवतं. पाहुण्यानं पहिला घास घ्यायचा, मग बाकीच्यांनी हात घालायचा. मी त्या ताटात दोन-तीनदा जेवले होते, मला ते माहीत होतं. पण हे सगळं इंग्रजीत कुठून आणू? मी बाईचा हात धरला, परक्या देशातल्या, माझ्या आईच्या वयाच्या बाईचा, आणि तो ताटाकडे नेला. "तुम्ही खा," मी म्हटलं. "तुम्ही खाल, तर पोर खाईल. तुम्ही नाही, तर पोर नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग सुनेकडे. मग तिनं बाह्या वर सारल्या, बोटांनी शेवया उचलल्या आणि तोंडात घातल्या. हनुवटीवरून दूध ओघळलं. तिनं गिळलं, डोळे मिटले आणि डोकं हलवलं, छान आहे अशा अर्थी. दुसरा घास घेतला. सुनेनं पोरीचा दंड सोडला. पोर पालथीच पडली म्हणायची ताटावर. मग खालानं हात घातला, मग मी, मग शेवटी, दोन बोटं, सुनेनं. आम्ही पाच जणी एका ताटात. सुनेनं बारीक आवाजात मला म्हटलं, "तिला विचार, तिला पोरं किती?"

मी विचारलं. बाईनं एक बोट वर केलं. मग तेच बोट जमिनीकडे वळवलं, खाली. एवढं समजायला कुठली भाषा लागत नाही. खालाला दिसलं नाही, तिला सुनेनं कानात सांगितलं. म्हातारीनं खिरीचा हात ओढणीला पुसला, चाचपत चाचपत तो बाईच्या डोक्यावर ठेवला आणि दुवा मागितली, बराच वेळ. बाईनं विचारलं नाही ती काय म्हणते आहे. नुसती मान खाली घालून बसून राहिली. तिचं सोललेलं नाक आणखी लाल झालं. मी दुसरीकडे बघत बसले. मला काही ते बघवत नव्हतं.

ताट चाटूनपुसून झालं तेव्हा माझं भान ठिकाणावर आलं. दूध संपलं होतं. नवा डबा आता मी कुठल्या तोंडानं आणणार? बाईसमोर सगळं कबूल झालेलं. ती उठली, रिकामा डबा हातात घेऊन ओट्यावर गेली. मी मागोमाग. सून दाराआड उभी राहिली.

डब्याकडे बघताच डॉक्टरांचा रंग उडाला. ते घाईघाईनं बोलू लागले, माझ्याकडे बोट करून, बहुधा मला काढून टाकू म्हणत असावेत. बाईनं त्यांना बोलू दिलं. मग ती बोलली, सावकाश, आणि मधून मधून थांबली, कारण तिला ते मला कळायला हवं होतं. डॉक्टर वाक्यावाक्याला मराठी करत गेले, आणि करता करता त्यांचा आवाज उतरत गेला.

"म्हणतात, नियम बरोबर आहे. दूध कोणा जबाबदार माणसासमोरच प्यायलं पाहिजे. म्हणतात, पुढच्या पिंपांतलं एक खाडीपलीकडे उतरवा. या घरात. मोहल्ल्यातली लहान पोरं इथं येऊन पितील, आणि या घरच्या बाईसमोर पितील. मी त्यांना सांगितलं, ती शिकलेली नाही. सांगितलं, पडद्यात असते, आपल्याला तिची काय माहिती? तर म्हणतात..." ते अडखळले. "म्हणतात, मी जेवल्याशिवाय तिनं स्वतःच्या उपाशी पोरीला ताटात हात घालू दिला नाही. त्या बाईच्या घरातून दूध चोरीला जाईल अशी भीती तुम्हाला वाटते का?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "वरून परवानगी यायला वेळ लागेल," ते म्हणाले, आणि मग, माझ्याकडे न बघता, "तोवर नर्सबाईंनी इथं येऊन आपल्या डोळ्यांसमोर पाजलं, तर ते नियमात बसतं." त्या माणसाबद्दल मी आयुष्यभर जे वाईट बोलले त्यातलं निम्मं त्या वाक्यानं मी परत घेतलं.

बाई चिखलातून होडीकडे चालू लागली, बूट हातात. मी मागं राहिले, सुनेला सगळं सांगायला. ती दाराआडून ऐकत होती, पण इतकं शहरी बोलणं तिला नीट कळलं नव्हतं. मी सांगितलं, पिंप इथं येणार. दूध तू करायचंस. मोहल्ल्यातली पोरं रोज तुझ्या घरी प्यायला येतील.

मला वाटलं ती खूश होईल, निदान सुटल्यासारखी दिसेल. तिनं विचारलं, "रोज?"

"रोज."

"सगळी?"

"सगळी. आणि त्यांच्या आया पण येतील सोडायला, तुला डोकं उठेल बघ."

तिनं वळून वसरीकडे, घराच्या पडवीकडे, पाहिलं. नवऱ्याची बातमी आली त्यानंतर पहिले काही दिवस ती भरलेली होती, मग एकेक जण येणं कमी झालं, आणि आता तिथं वाळत घातलेल्या एका गोधडीशिवाय काही नव्हतं. "वसरी सारवायला होवी," ती म्हणाली. गोधडी काढायला तिनं हात वर केला, आणि तो तसाच राहिला. नवरा गेल्याचं कळलं तेव्हाही ती माझ्यासमोर रडली नव्हती. गोधडीत तोंड खुपसून ती हुंदके देत राहिली, आणि मधूनच मला म्हणत राहिली, "लोका येतील गो बाय. माज्या दारात लोका येतील."